अस्वलाच्या हॉटेलातच जेवा

पोरांच्या प्रिय आईस,

रागातच लिहितोय, पण राग तुझ्यावर नाही. रविवारी तुम्ही आमच्या पार्कात येताय, तर जेवायला ते किल्ल्यातलं हॉटेल नको. फोटो झकास, पण तासभर रांग आणि पुढ्यात गार बटाटे! पोरं भुकेने रडकुंडीला येतील. मी काम करतो त्या अस्वलाच्या हॉटेलातच या. दुपारी एकचं टेबल सांगून ठेवलंय.

तुमच्यासोबत जेवायला अर्धा तास मागितला, तर साहेब सगळ्यांदेखत हसला. "अस्वलाला कुठली रे बायकोपोरं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं त्या केसाळ सोंगात घाम गाळतोय, लोकांच्या पोरांना हसवतोय आणि माझीच मला परकी! नोकरी टिकवायची, म्हणून मुखवटा चढवून कामाला लागलो.

सोंगात बोलायचं नाही, मुखवटा काढायचा नाही, असा नियम आहे. म्हणून पोरांना काही सांगू नकोस. "बाबा" म्हणून गळ्यात पडली, तर मी काही गप्प राहणार नाही.

आईचा गुडघा कसा आहे? थोरल्याचा दात पडला का?

धाकटी अस्वलाला घाबरते, ठाऊक आहे. तरी तिला कडेच्या खुर्चीवर बसव. मी डोक्यावर हात ठेवीन, तेवढा वेळ तिला धरून ठेव.

तुझाच,
अस्वल