मी खाली सही करणारी

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! बारामतीच्या स्टँडवर दीड तास ताटकळले, बसमध्ये एका आजोबांनी माझ्या पायांवर गुळाची ढेप ठेवली आणि भवानीनगरपर्यंत ती हलवली नाही. पुढच्या फाट्यावर उतरले तर राजवर्धन मोटरसायकल घेऊन हजर. कॉलेजात काडीसारखा होता, आता पोट सुटलंय. हसणं मात्र तेच. मी त्याला म्हटलं, ऊस तू पिकवतोस की नुसताच खातोस? लाजला बिचारा.

घर नवं, स्लॅबचं. वरच्या मजल्यावरची खोली माझी. खिडकीतून कालवा दिसतो आणि दोन्ही अंगांना ऊसच ऊस. राजाच्या आईनं, कुशाबाई काकूंनी, आल्या आल्या हातपाय धुवायला गरम पाणी दिलं आणि हुलग्याचं माडगं वाटीत ओतलं. आई गेल्यापासून असं कुणी दारात वाट बघत उभं राहिलेलं नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या, काय सांगू.

रोजनिशी हातानं लिहायची असं ठरवलंय. पुण्यात आठ वर्षं दुसऱ्यांच्या वेबसाइट बनवून कंटाळले होते. तीन आठवड्यांपूर्वी राजाचा फोन आला, आपल्या माणसांसाठी आपली साइट काढू म्हणाला, आणि मी दुसऱ्याच दिवशी राजीनामा टाकला. साइटचं नाव ‘टेल’. कालव्याच्या शेवटच्या टोकाला इथं टेल म्हणतात. वरचे बागायतदार रात्रंदिवस मोटारी लावून पाणी ओढतात आणि टेलच्या वस्तीवर पाण्याची पाळी आली तरी शेताकडं जाणाऱ्या चारीत नुसता गाळ. कुठं तक्रार करायची सोय नाही, नाव कळलं की संपलंच. म्हणून ही साइट. फोनवर एक फॉर्म, त्यात काय ते लिहायचं, नाव द्यायचं नाही. साइटचं नाव, सर्व्हर सगळं राजानं आधीच घेऊन ठेवलंय. माझं काम माणसांना लिहितं करायचं.

७ मार्च, शुक्रवार

आज टेलच्या कोकरे वस्तीवर बिरोबाच्या देवळापुढं बैठक. पूर्वी ही माणसं मेंढरं घेऊन फिरायची, आता प्रत्येकाचा एकर-दोन एकर ऊस आणि चार शेरडं. चाळीसेक जण आले. राजा मागं उभा राहिला, बोलले मी. फोन हातात घेऊन एकेकाला फॉर्म कसा उघडायचा ते दाखवलं.

सगळ्यात पुढं सारजाबाई बसली होती. पन्नाशीची, कपाळभर कुंकू, नजर सरळ. तिनं विचारलं, नाव कुणाला कळणार न्हाय ना? मी म्हटलं, नाही. तिनं पुन्हा विचारलं, कुणालाच? मी बिरोबाकडं हात करून शपथ घेतली. मग ती मागं वळून बायकांना म्हणाली, बाय खरं बोलतीया, लिवा गं. परत येताना राजा म्हणाला, तुझ्याशिवाय हे कुणालाच जमलं नसतं. मी फुगून गेले अगदी.

१२ मार्च, बुधवार

हसून हसून पोट दुखतंय! निनावी फॉर्मवर बावीस मजकूर आले आणि बावीसच्या बावीस अर्ज आहेत. प्रति, टेलच्या मॅडम यांस. विषय, पाणी न आल्याबाबत. मग ‘मी खाली सही करणार’, पूर्ण नाव, बापाचं नाव, गट नंबर, वस्ती. एकानं तर आधारचा नंबरही टाकलाय. तहसिलीत नाव नसलेला कागद टोपलीत जातो, एवढं यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत.

मी फॉर्मवर लाल अक्षरांत लिहिलं, नाव लिहू नका. तासाभरात सारजाबाईचा मजकूर आला. “नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहिले नाही. आपली नम्र, सारजा गेणू कोकरे.” आता काय करायचं या बाईचं! शिवाय तिनं लिहिलं होतं की नवऱ्याचा गुडघा धरलाय, पाळीच्या वेळी त्याला चारीवर चालवत नाही, म्हणून तीच जाते आणि कालव्याच्या वरच्या गेटचं कुलूप कोण उघडतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलंय.

तर रोज सकाळी हेच काम. मी एकेक मजकूर घेते, नाव, गट, गुडघा, शेरडं, सगळं काढून टाकते, उरलेलं साइटवर चढवते आणि मूळ मजकूर पुसून टाकते. नावं फक्त माझ्या डोळ्यांखालून जातात आणि तिथंच संपतात.

१९ मार्च, बुधवार

टेलला पाणी आलं! साइटवरचं वाचून वरून कुणीतरी चक्रं फिरवली, गेटवरचा पाणी सोडणारा पाटकरी बदलला आणि काल दुपारी चारी भरून वाहिली. सारजाबाईनं मला हाताला धरून पाण्यात उभं केलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं. माझ्या आयुष्यात एवढं कामाचं काही मी केलेलं नाही.

आज मात्र बारामतीहून बोलावणं आलं. सरकारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर कसलासा माहिती कक्ष, दारावर पाटी नाही, आत भिंतभर पडदे आणि त्यांवर गावोगावचे चौक दिसत होते. आमचा फाटाही. साहेब गोड माणूस. ताक मागवलं, कामाचं कौतुक केलं, मग विचारलं, हे लिहिणारे कोण कोण आहेत? मी छाती काढून सांगितलं की आमच्याकडे नावंच नाहीत. साहेबांनी आग्रह केला नाही. असू द्या म्हणाले, आणि निघताना सहज विचारलं की टेलवरच्या त्या पाव्हण्याचा गुडघा आता कसा आहे.

बसमध्ये बसले आणि मग लक्षात आलं. गुडघा मी मजकुरातून कापला होता. गुडघा साइटवर गेलाच नव्हता.

राजा म्हणाला, अगं गावात कुणाचा गुडघा दुखतो हे कुत्र्यालाही माहीत असतं. तेही खरंच म्हणा.

२५ मार्च, मंगळवार

आज फॉर्मवर वेगळंच काही आलं. “मी खाली सही करणार याद्वारे लिहून देतो की, यापूर्वीचा मजकूर गैरसमजातून दिला होता. माझी काही तक्रार नाही. हे मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.” खाली नाव. दुपारपर्यंत असे चार आले, अक्षर न अक्षर तेच. ज्यांना ‘पाणी’ धड लिहिता येत नव्हतं त्यांचा एकही वेलांटी-उकार चुकलेला नाही.

त्यातल्या एकाच्या घरी गेले. बायको दारात आली, बसा म्हणाली नाही. या वस्तीवर उन्हातून आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या देत नाहीत असं होतच नाही, वैऱ्यालाही देतात. मला दिला नाही. मी परत फिरले तरी ती तिथंच उभी होती.

२७ मार्च, गुरुवार

आज अकरा.

आणि एक गोष्ट मला कळत नाहीये. सकाळी दहाला शंभूराज कोकरेचा मजकूर आला, गेटच्या कुलपाबद्दलच. दहा वीसला त्याचंच ‘माझी काही तक्रार नाही’. मी तडक त्याच्या शेतावर गेले. तो बांधावर बसून भाकरी खात होता. मी विचारलं तर गडबडून गेला, म्हणाला, मॅडम, मी तक्रार दिलीया, माघार न्हाय घेतली. फोन दाखवला. खरंच तक्रारीशिवाय त्यानं काही पाठवलं नव्हतं. मग मी परत येऊन तो कागद नीट पाहिला. खाली तारीख होती २८ मार्च.

आज सत्तावीस आहे.

२८ मार्च

दुपारी जीप आली, दोघं उतरले, शंभूराजनं त्याच्या दारात बसून सही केली. कागद त्यांनी आणलेलाच होता. मी रस्त्यावरून पाहत होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

३० मार्च, पाडवा

घरोघरी गुढ्या. मला कुणी हाक मारली नाही.

सकाळी बसून सर्व्हर उलगडला. इतके दिवस राजाचं काम म्हणून मी तिकडं पाहिलंच नव्हतं, मूर्ख कुठली. फॉर्ममधला प्रत्येक मजकूर दोन ठिकाणी जातो. एक माझ्याकडं, आणि माझ्या आधी दुसऱ्याच पत्त्यावर. नावासकट, गुडघ्यासकट. ती वाट १२ जानेवारीला घातलेली आहे. मला फोन आला फेब्रुवारीत.

राजा पुरणपोळी खात होता. मी ओरडले. तो चिडलाही नाही. सरकारी पेटीत कोण लिहितं, म्हणाला. कोण कुठं कुरकुरतंय हे साहेबांना कळायला हवं होतं, आणि वस्तीचा माझ्यावर विश्वास नव्हता. एक चांगला चेहरा हवा होता. तुझा आहे. पाणी आलं ना टेलला? मग झालं तर. नावं मिळाली की आपोआप शांत होतात सगळे.

माझा चेहरा! दहा वर्षांची मैत्री आणि याला माझा चेहरा हवा होता. काकू सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, आता मुलाच्या कानाखाली काढतील. त्यांनी माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि तूप सोडलं.

साइट बंद करायला गेले. माझाच पासवर्ड चालेना.

१ एप्रिल

आता माघारीचे कागद थेट साइटवर दिसतात. नावांसकट. सगळी वस्ती ते फोनवर वाचते. एकच नाव राहिलंय.

सारजाबाईकडं गेले, सगळं सांगितलं. राजाचं, साहेबांचं, दुसऱ्या पत्त्याचं. ती शेणानं सारवत होती, सारवतच राहिली. मग हात धुऊन उभी राहिली आणि म्हणाली, “त्या राजवर्धनच्या तोंडाकडं बघून एक अक्षर लिवलं नसतं मी. तुमच्या तोंडाकडं बघून लिवलं, म्याडम.”

मला तिथंच मरावंसं वाटलं.

पण ती सही करणार नाही म्हणाली. डोळ्यांनी बघितलंय ते बघितलंय.

२ एप्रिल

सकाळी साइटवर आलं. मी खाली सही करणारी सारजा गेणू कोकरे. माझी काही तक्रार नाही. तारीख ४ एप्रिल.

धावत गेले. ती घरीच होती, शेरडांना पाला टाकत होती. न्हाय केली सही, म्हणाली. करणार बी न्हाय.

म्हणजे हातात दोन दिवस आहेत. उद्या पहिल्या बसनं तिला पुण्याला नेते. ओळखीची वकीलबाई आहे. आता हिला तरी वाचवायचं, दुसरं काही नको.

३ एप्रिल

दोघी फाट्यावर उभ्या होतो. पहिली बस थांबली नाही. दुसरीही नाही. ड्रायव्हरनं आमच्याकडं पाहिलं आणि वेग वाढवला. खांबावरचा कॅमेरा आमच्याकडं वळलेला. आम्ही सरकून वडाखाली गेलो — तोही सरकला. हळूच.

फोनला रेंज नाही. काल होती.

सारजाबाई म्हणाली, शेरडं उपाशी हायती, मी जाते घरी. मी जाऊ दिलं. का जाऊ दिलं —

४ एप्रिल

तिच्या दाराला कुलूप. शेरडं दावणीला ओरडतायत. तिचा नवरा, गेणूतात्या, ओट्यावर एकटे.

विचारलं, मावशी कुठं गेल्या? ते समोर बघत म्हणाले, तिची काही तक्रार नाही.

न्हाय म्हणणारा माणूस. ‘नाही’ म्हणाले. पाठ केल्यासारखं.

पुन्हा विचारलं, कुठं नेली? — राजीखुशीने. कोणाच्याही दबावाशिवाय.

मी त्यांचे हात पाहिले. अंगठ्याला शाई होती. निळी. ओली.

५ एप्रिल, सकाळी दहा

काकूंनी माझे कपडे धुऊन घड्या घालून बॅगेत भरलेत. मी सांगितलं नव्हतं.

साइट उघडली —

मी खाली सही करणारी माधवी सुधाकर भोईटे याद्वारे लिहून देते की, टेलच्या सर्व अर्जदारांची नावे मी स्वतः कार्यालयास दिली. राजीखुशीने.

तारीख आजची.

सही माझी आहे. हुबेहूब.

साडेदहा

अंगणात माणसं. चाळीसेक. शंभूराज. ती पाणी न देणारी. बिरोबापुढं बसलेले सगळे. प्रत्येकाच्या हातात फोन. मीच शिकवलं कसा उघडायचा.

राजा खाली त्यांच्यात उभा आहे. ऐकू येतंय — आमचा बी विश्वास होता म्हणतोय तिच्यावर, आमच्या आईनं पोटच्या पोरीसारखं — वर हाय म्हणतोय, वरच्या खोलीत —

ओरडून सांगितलं. कुणी मान वर केली नाही.

गेणूतात्या पुढं आलेत. काठी टेकत. जिना —

हे कुणाच्या हाती लागेल माहीत नाही. लागलं तर टेलवर वाचून दाखवा. सारजाबाईला आधी शोधा. कालच्या तारखेपासून ती — गेटचं कुलूप तिनं पाहिलंय, तिला —

कडी वाजतेय

मी नावं दिली नाहीत. बिरोबाची शपथ, मी एकही नाव दिलं नाही. मी फक्त तुम्हाला लिहायला