नऊ अर्ज, एक तळं

१ जानेवारी, सकाळ
ह्या वर्षी मार्टेन लेक, नॅशनल पार्कातलं डोंगरावरचं तळं. मुक्कामाचा परवाना मिळवणार म्हणजे मिळवणार.

कॉरीन ऑगस्टमध्ये नोकरीसाठी टास्मानियाला चालली आहे. तीन वर्षं. काल फोनवर म्हणाली, जायच्या आधी दोघं तळ्याकाठी दोन रात्री राहू या, मी नऊ वर्षांची असताना राहिलो होतो तसं. एकुलती एक मुलगी. एकतीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं नाही (गाडी सोडून). मी म्हटलं, झालं समज.

तेव्हा पार्कच्या खिडकीवर नाव सांगितलं की चिठ्ठी फाडून द्यायचे. आता मुक्कामाला दिवसाला आठच माणसं सोडतात आणि अर्ज येतात हजारांनी. ज्या कार्ट्यांनी तळ्याचे फोटो इंटरनेटवर टाकले त्यांना शोधून काढलं पाहिजे.

संकल्प: रोज पाठपिशवीत मांजराच्या वाळूची चाळीस पौंडी गोणी घालून हायस्कूलच्या स्टेडियमच्या पायऱ्या चढायच्या. गोड बंद. लायलशी वाद घालायचा नाही.

२ जानेवारी
वीस पायऱ्या. उजव्या गुडघ्यात कट्‌ असा आवाज आला. बूट नवे आहेत म्हणून.

६ जानेवारी
लोइसकडे जेवण. लोइस माझी बहीण, लायल तिचा नवरा. त्याला दर वर्षी परवाना मिळतो. दर वर्षी! विचारलं की म्हणतो, मी फक्त फॉर्म भरतो. असं कोण बोलतं? आतून काहीतरी शिजतंय. वाद घातला.

९ फेब्रुवारी, सकाळी ७
परवान्यांची लॉटरी उघडली. नियमावली चौदा पानी. दोन वाचली. एका माणसाच्या नावावर एकच अर्ज, गटप्रमुख म्हणूनही आणि पर्यायी गटप्रमुख म्हणूनही. म्हणजे प्रामाणिक माणसाचे हातपाय बांधायचे आणि लायलसारख्यांना मोकळं सोडायचं.

पण मी एकवीस वर्षं काउंटीच्या रस्तेखात्यात काढली आहेत. नियम कसा वाचायचा मला शिकवू नये. एका माणसाचा एक अर्ज ना? मग नऊ माणसांचे नऊ.

सकाळी ७.४०
नऊ अर्ज भरले. मी, लोइस, माझी पूर्वीची बायको इव्हॉन, दाताचे डॉक्टर, प्लंबर, शेजारचे दोघं, हिल्डरेथ आत्या (२००९ मध्ये वारली, पण तिला डोंगर फार आवडायचे) आणि कॉरीन. लायलचं नाव घातलं नाही. तत्त्व म्हणून. फोन नंबर आणि ईमेल सगळीकडे माझाच दिला, उगाच घोळ नको.

आता नंबर न लागणं गणिताने अशक्य आहे. बक्षीस म्हणून दोन डोनट.

१५ फेब्रुवारी
कॉरीनचा फोन. म्हणाली, डॅड, मी पण एक अर्ज टाकून बघते. मी सांगितलं, तू अजिबात हात लावू नकोस, ह्यातलं तुला कळत नाही, मी सगळं पक्कं केलं आहे. "बरं," म्हणाली. समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

स्टेडियमला कुलूप. मुलांचे सामने. पायऱ्या बंद, हा माझा दोष नाही.

१४ मार्च
निकाल. नऊच्या नऊ बाद.

बाद! नंबर लागला नाही असंही नाही, सरळ बाद. प्रत्येक मेल पाच परिच्छेदांचा. पहिली ओळ वाचली, पुढची वाचायची गरज नाही. सरकारी माणूस वाईट बातमी पहिल्या ओळीत देतो आणि पुढे चार परिच्छेद स्वतःची कातडी वाचवतो. मी स्वतः असली पत्रं लिहिली आहेत.

संध्याकाळ
लायलचा नंबर लागला. सप्टेंबर, दुसरा आठवडा. एकच अर्ज केला होता म्हणे. लोइसने केक केला. मी गेलो नाही. केक तिने घरी पाठवला. खाल्ला, पण रागाने.

१८ मार्च
पार्कच्या वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म आहे. त्यात एक रकाना: नियम मोडणाऱ्याचं नाव. लिहिलं: लायल ऑस्टरहाउट. दुसरा रकाना: पुरावा. लिहिलं: दर वर्षी मिळतो.

बरं वाटलं. सगळ्या हिवाळ्यात इतकं बरं वाटलं नव्हतं.

२ एप्रिल, रविवार
कॉरीन जेवायला आली. मी खिम्याचा मीटलोफ केला होता. मध्येच तिने विचारलं, "डॅड, अर्ज कोणाकोणाच्या नावाने केले होतेस?" मी म्हटलं, माझ्या, आणखी कोणाच्या? ती ताटात बघत बसली. मीटलोफ कोरडा झाला होता हे खरं, पण एवढा नव्हता.

मग म्हणाली, मुक्काम राहू दे, एका दिवसात जाऊन परत येऊ. सात मैल जायचे, सात यायचे. दिवसा जाणाऱ्याला परवाना लागतच नाही.

मी ठाम नाही म्हटलं. एका दिवसात तळं बघून पळणारे लोक टुरिस्ट. चप्पल घालून येतात, खारींना चिप्स घालतात. आम्ही टॉलिव्हर तळ्यावर जातो ते राहायला. तिने वाद घातला नाही. भांडी घासून गेली. काहीतरी बिनसलंय तिचं, नोकरीचं टेन्शन असावं.

२९ एप्रिल
नवी योजना. उरलेले परवाने मुक्कामाच्या तारखेच्या दोन आठवडे आधी, सकाळी बरोबर सातला वेबसाइटवर सोडतात. तारीख कॉरीनशी बोलून ठरवेन. सराव आजपासून. घड्याळ सेकंदावर लावलं. माउसला नवी बॅटरी. खुर्चीची उंची वाढवली. गोणी गॅरेजमध्ये आहे, मांजर तिच्यावर झोपतं.

३० एप्रिल, सकाळी ७.०६
सात वाजून शून्य सेकंदांनी बटण दाबलं. माझ्या आधी माणूस असणं शक्य नाही. तर समोर नऊ चौकोन, नऊ फोटो. तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. पूल असलेले सगळे फोटो निवडा.

दोन पूल होते. निवडले. चूक, म्हणे. तिसऱ्या चौकोनात पण पूल आहे.

तिसऱ्या चौकोनात मोरी होती. खाली नाला, मध्ये पाइप, वर रस्ता. मी असल्या चारशे मोऱ्या मोजल्या आहेत, त्यांच्यावर नंबर घातले आहेत. मोरीला पूल म्हणणार नाही. पुन्हा दोनच निवडले. पुन्हा चूक. पाचव्या वेळी वेबसाइट म्हणाली तुम्ही यंत्र आहात, अर्ध्या तासाने या.

परवाने सात वाजून दोन मिनिटांनी संपले होते.

७ मे
पुन्हा तीच मोरी. मी हटलो नाही.

१४ मे
लोइस म्हणाली, "व्हर्न, टिक कर ना बाबा त्या मोरीला. पोरीसाठी कर." मी तिला सांगितलं की अशीच एकेक गोष्ट सोडत गेलं की देश बुडतो. ती म्हणाली, देशाचं राहू दे, ऑगस्ट किती लांब आहे ते बघ. बायकांना तत्त्वाशी घेणंदेणं नसतं.

लायल मागून म्हणाला, एका दिवसात जाऊन या की रे. त्याला कोणी विचारलं?

११ जून
फोटोंना कंटाळून वेबसाइटवर बहिष्कार टाकला आहे. आता खरा मार्ग, मर्दाचा मार्ग: खिडकी. रोज सकाळी अकराला रेंजरच्या खिडकीवर त्याच दिवसाचे दोन-चार परवाने देतात, रांगेतल्या पहिल्यांना. रांगेत उभं राहण्यात मला कोणी हरवू शकत नाही. कॉरीनने १८ जुलैपासून तीन दिवस रजा टाकली. फोनवर तिचा आवाज बरा वाटला.

संकल्प: उद्यापासून पायऱ्या. नक्की.

१२ जून
बारा पायऱ्या. उतरताना कठडा धरावा लागला. तिथला रंगारी मला आजोबा म्हणाला. त्याला त्याचा रंग कुठे घालायचा ते सांगितलं.

१८ जुलै, पहाटे ५.१०, पार्क
रांगेत पहिला! मागे कोणी नाही. कॉरीन गाडीत झोपली आहे. अस्वलापासून अन्न वाचवायचा डबा आणला, तंबू आणला. सँडविच केली, पीनट बटरची, कडा कापून, तिला लहानपणी लागायची तशी. शेवटी अनुभव कामाला येतो. लायलला इथून फोटो पाठवला.

सकाळी ११.२०
गाडीत बसून लिहितोय.

खिडकीवर पिंकहॅम नावाची रेंजर. पंचविशीची असेल. माझं लायसन्स घेतलं, टाइप केलं, थांबली. म्हणाली, मिस्टर टॉलिव्हर, ह्या मोसमात तुम्हाला मुक्कामाचा परवाना देता येणार नाही. तुमच्या एका फोन नंबरवरून नऊ नावांचे अर्ज आले होते. मार्चच्या मेलमध्ये सगळं कळवलंय, तिसरा परिच्छेद. मी म्हटलं, दुसरा कोणी टॉलिव्हर असेल. मी म्हटलं, तुझ्या वयाचे माझ्याकडे बूट आहेत. मागे चाळीस लोक. कॉरीन माझ्या शेजारी उभी.

मी म्हटलं, ठीक आहे, मला नको, माझ्या मुलीच्या नावाने दे. कॉरीनने माझी बाही ओढली. मी ऐकलं नाही. रेंजरने कॉरीनचं नाव टाइप केलं.

"मॅडम, तुमचा अर्ज तर लॉटरीत लागला होता," ती म्हणाली. "दोन माणसं, दोन रात्री, मार्टेन लेक, जुलै अठरा. पण तुमचं नाव ह्यांच्याही एका अर्जात होतं. नाव दोनदा आलं की दोन्ही अर्ज बाद होतात."

म्हणजे तिने अर्ज केला होता. हात लावू नको सांगूनही. मला न सांगता. आणि लागला होता. आजच्याच तारखेचा.

मी कॉरीनकडे बघितलं. म्हटलं, सिस्टिमचा घोळ आहे हा.

ती म्हणाली, "डॅड, मला मार्चपासून माहीत आहे. म्हटलं, तू स्वतः सांगशील."

दुपारी १२
ती म्हणाली, अजून उशीर झालेला नाही, चल, असेच जाऊन येऊ, नऊपर्यंत उजेड असतो. मी म्हटलं, आधी मी ह्यांच्या वरच्या साहेबाला भेटणार. हा अपमान आहे. साहेब दोनला येतात म्हणे.

मग तिने पाण्याची बाटली आणि माझी टोपी घेतली, सँडविच घेतली आणि एकटीच वर गेली.

दुपारी ४
साहेब आज रजेवर आहेत.

संध्याकाळी ७
ती परत आली. केस ओले. तळ्याकाठी जो सपाट खडक आहे, ज्याच्यावरून ती नऊ वर्षांची असताना उडी मारायची आणि मी खाली कंबरभर पाण्यात उभा असायचो, तो तिथेच आहे म्हणाली. तिने परत उडी मारली. माझ्या वाटचं सँडविच तसंच परत आणलं होतं. सँडविच मी घरी येऊन खाल्लं, सिंकपाशी उभ्याने.

१९ जुलै
दिवसभर तक्रारींचे मसुदे. पिंकहॅमविरुद्ध. साहेबाविरुद्ध. पाठवले नाहीत. प्रिंटरची शाई संपली.

११ ऑगस्ट
कॉरीनला विमानतळावर सोडलं. तिने मिठी मारली, नीट, घट्ट. म्हणाली, गुडघा डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, गुडघ्याला काय झालंय? ती म्हणाली, "डॅड." एवढंच.

परत येताना लायल गाडी चालवत होता. चक्क गप्प बसला. त्याचाही राग आला.

१३ ऑगस्ट
एका दिवसात जाऊन यायला नाही म्हणालो ते टुरिस्टांमुळे नाही. चौदा मैल माझ्याने होत नाहीत. चार पण होत नाहीत. परवाना मिळाला असता तर सात मैल दिवसभर थांबत-थांबत, कुथत-कण्हत चढलो असतो, तिला पुढे पाठवलं असतं, दोन दिवस खडकाला टेकून बसलो असतो आणि तिला कळलं नसतं. तिला सगळं ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

मी गाढव आहे. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

१६ ऑगस्ट, सकाळी ७
तक्रारीचा फॉर्म उघडला. आधी लायलविरुद्धची जुनी तक्रार मागे घ्यायला. मागे घेता येत नाही. मग नवी लिहिली. नियम मोडणाऱ्याचं नाव: व्हर्न टॉलिव्हर. पुरावा: नऊ अर्ज. नुकसान कोणाचं झालं: कॉरीन टॉलिव्हर. बरोबर सातला बटण दाबलं.

नऊ फोटो आले. पूल असलेले निवडा. दोन पूल, तिसऱ्या चौकोनात मोरी. टिक केली.

सकाळी ७.०४
उत्तर आलं. ह्या व्यक्तीविरुद्ध ह्याच कारणासाठी नोंद आधीच झालेली आहे. दुबार अर्ज बाद.

मेल ह्या वेळी शेवटपर्यंत वाचला. मार्चचे नऊही उघडून वाचले. सगळ्यांत पाचवा परिच्छेद सारखाच आहे: एका दिवसात जाऊन परत येणाऱ्यांना परवान्याची गरज नाही, आपलं स्वागत आहे.