एकूण शेरा: साधारण

बनी पार्क, जयपूर
दि. ११ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास उमाकांतचे सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तनयाला काल जगतपुऱ्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात पोहोचवून आलो. तीन आठवडे नेहमीचे वर्ग नाहीत, नुसतं ओरिएंटेशन! नवी मुलं बुजू नयेत म्हणून लायब्ररी दाखवणार, कच्चं गणित पक्कं करून घेणार, सोबतीला सीनियर मुलं देणार. तोवर सगळ्यांनी हॉस्टेलवरच राहायचं आणि मोबाइल जमा करायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा हेडक्लार्कने टेबल दाखवलं, झालं आमचं ओरिएंटेशन.

पालकांनाही त्यांनी कामाला लावलं. तिथल्या माथुर मॅडमनी एकेक कागद हातात दिला आणि आपापल्या मुलाला पत्र लिहा म्हणाल्या. आठवड्याने मुलांना फोडायला देणार. शेजारचे गृहस्थ तर डोळे पुसत लिहीत होते. मी आपलं रीतसर लिहिलं, ऑफिसात गोपनीय अहवाल लिहितो तसं. वक्तशीरपणा: असमाधानकारक. चिकाटी: कमी, प्रवेश परीक्षेपायी एक वर्ष वाया. सुधारणेस वाव: भरपूर. एकूण शेरा: साधारण. खाली सही आणि तारीख. लिहिलं मराठीत, उगाच चारचौघांना कळायला नको. बत्तीस वर्षांत माझ्या शेऱ्यांनी बरीच माणसं सुधारली आहेत, ही पण सुधारेल.

तुझं मागचं पत्र लाल पेनाने तपासून सोबत परत पाठवतो आहे. राग नसावा, लोभ मात्र पूर्वीइतकाच असावा.

तुझा धाकटा,
उमाकांत

*

जगतपुरा, जयपूर
१९ ऑगस्ट

ती. आत्यास तनयाचा शि. सा. न.

हे वरचं बाबांच्या पत्रांत बघून शिकले आहे. माझ्या मराठीला हसू नकोस. हे पत्र बाबांना दाखवू नकोस, प्लीज.

इथे चांगलं चाललं होतं. गणिताच्या पहिल्या टेस्टमध्ये मला वीसपैकी चार पडले, पण माझी मेंटॉर अनुया दीदी रोज बसून शिकवते. काल पत्रं उघडायची होती. आम्ही चाळीस जण गोल करून बसलो आणि एकेकाने आपलं पत्र वाचलं. सगळे रडत होते. मग माझी पाळी आली. बाबांनी पत्र नाही, रिपोर्ट लिहिला होता. शेवटी लिहिलं होतं, साधारण.

आत्या, मला इतकी लाज वाटली! बाबांची नाही, माझीच. वाटलं, जे बाबांना माहीत आहे ते आता सगळ्यांना कळणार. माथुर मॅडम म्हणाल्या, मराठी कुणाला येत नाही, तूच हिंदीत सांग. मतलब मी खोटं बोलले. कागदाकडे बघत बघत मनातलं सांगत गेले. की तनू, तुझं एक वर्ष गेलं तेव्हा मी तुझ्याशी नीट बोललो नाही, ते माझं चुकलं. गणित नाही जमलं तर घाबरू नकोस. दर शनिवारी मी स्कूटर घेऊन गेटवर उभा असेन, तू पास असलीस तरी आणि नापास असलीस तरी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमना ते एवढं आवडलं की ३१ तारखेला समारोप आहे, तिथे बाबांनी स्वतः येऊन ते वाचावं असं पत्र त्या घरी पाठवणार आहेत. बाबा आले तर माझं खोटं सगळ्यांसमोर उघडं पडेल. तू आजारी आहेस असं कळवून त्यांना वाईला बोलावून घे ना. मी अशी आहे म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी,
तनया

*

वाई
२४ ऑगस्ट

चि. उमाकांतास अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत ठणठणीत आहे आणि खोटं आजारी पडण्याचं माझं वय राहिलेलं नाही. पोरीचं पत्र सोबत पाठवते. तुला दाखवू नको म्हणाली होती. तिचा विश्वास मोडला हा दोष माझा, तिला तसं कळवते आहे. त्याला लाल पेन लावलंस तर याद राख.

अरे, चाळीस पोरांत आपल्या बापाचं पत्र तिला स्वतःच रचावं लागलं! लहानपणी आप्पा आपल्याला पाढ्यांवरून सगळ्यांदेखत बोलायचे, तेव्हा तू माझ्या परकराआड लपायचास, ते विसरलास का? जास्त लिहीत नाही. रागावले आहे, पण लोभ तुटलेला नाही.

तुझी अक्का,
रत्नप्रभा

*

बनी पार्क, जयपूर
२९ ऑगस्ट

चि. तनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या गेटवरच्या पहारेकरी भैयाजींकडे देऊन जातो आहे. अक्काने तुझं पत्र मला पाठवलं. तिच्यावर रागावू नकोस, रागवायचं तर माझ्यावर. मॅडमचं निमंत्रणही आलं आहे.

मला लाज वाटते, तनू. दोन दिवस ऑफिसात कुणाच्या कागदावर शेरा मारायला हात उचलला नाही. तुझ्या वाया गेलेल्या वर्षात तू रोज पहाटे उठून अभ्यास करायचीस, हे मला ठाऊक होतं. अहवालात त्याला रकाना नव्हता म्हणून लिहिलं नाही. आणि कॉलनीत कुणी विचारलं तर तुला कावीळ झाली होती, म्हणून वर्ष गेलं, असं मी सांगत आलो. तुझ्या आधी खोटं मीच बोललो.

तुझ्या पत्रातला तेवढा भाग मी माझ्या हाताने एका कोऱ्या कागदावर उतरवून काढला आहे. मसुदा जसाच्या तसा मंजूर, एकही दुरुस्ती नाही. खाली सही केली आहे. परवा येऊन तो मराठीत वाचीन, तू शेजारी उभी राहून हिंदीत सांग. आता तू खोटी पडणार नाहीस. तुझं भाषांतर आधी झालं, मूळ पत्र मी उशिरा लिहिलं, एवढंच.

वाचताना अडलो तर पुढचा शब्द हळूच सांग. तुला ते पाठ आहे, मला अजून व्हायचं आहे.

लोभ असावा असं लिहायला या वेळी हात अडतो. उरला असेल तेवढा ठेव. उद्या शनिवार आहे, मी गेटवर आहे.

तुझा,
बाबा