पाहुणे आलेत

प्रिय चिमणे,

तुझी आई सांगत होती, तू दार आतून लावून बसतेस आणि फोन वाजला की कानांवर उशी घेतेस. म्हणून हे पत्र. दाराखालून सरकव, असं मी तिला सांगितलंय. मनोऱ्यावरचा दुर्बीण गेला त्याला आज अकरा दिवस झाले, आणि तो आपल्यामुळे गेला असं तू धरून बसली आहेस. ऑफिसातही तेच बोललं जातं. तू खाली वायरलेसपाशी होतीस, तुला फक्त आवाज ऐकू आले. मी वर होतो. म्हणून मीच सांगतो.

रविवार होता. मला वणवा विझवायच्या तुकडीतून सुट्टी, शिंप्याचं दुकान बंद, आणि पोस्टमन तर आता रिटायरच. आदल्या संध्याकाळी मी तुला फोनवर म्हणालो होतो, उद्या आम्ही तिघं दुर्बीणकडे पाहुणे म्हणून जातोय, पूर्वेच्या पायवाटेने. तू हसून म्हणालीस, शिंपीकाकांना सांभाळून चढव. वणव्यावर नजर ठेवायचा तो मनोरा म्हणजे जेमतेम तासाभराची चढण. वर दुर्बीण एकटाच असायचा. गळ्यातली दुर्बीण तो जेवतानाही काढत नसे, म्हणून तर ते नाव पडलं. बोलायला माणूस आलं की पोर होऊन जायचा.

उजाडताच निघालो. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की गुडघाभर गवतातून चालूनही पायजमा कोरडाच आहे. दव पडलंच नव्हतं. वाळकी पानं पायाखाली मोडत होती आणि तेवढाच आवाज होता. त्या वळणावर एरवी पाखरांचा इतका कलकलाट असतो की बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी एकही नव्हतं. सकाळच्या वेळी वारा डोंगरावरून खाली उतरतो. तो मात्र दरीतून वर येत होता, आणि कोमट होता. मी थांबून मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पोस्टमन धापा टाकत म्हणाला, “आयुष्यभर लोकांचे जिने चढलो, कुणी पाणी विचारलं नाही. आता देव तरी विचारेल.” त्यावर शिंपी म्हणाला, “इतक्यात जाऊ नकोस बाबा, तुझी पँट माझ्याकडे कापून पडलीये.” आम्ही हसलो. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो.

बासष्ट लोखंडी पायऱ्या चढून आम्ही काचेच्या खोलीत शिरलो. दुर्बीणने चहा ठेवलेला होताच. पहिला कप त्याने पोस्टमनला दिला, दुसरा ओतता ओतता थांबला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. पूर्वेच्या उतारावर, आम्ही ज्या वाटेने आलो तिच्या खालच्या अंगाला, तीन बारीक रेघा उभ्या होत्या. त्याने वायरलेस उचलला. तो काय बोलला ते तुला पाठच असेल. “पाहुणे आलेत. तीन आहेत. पूर्वेकडून.”

आमच्या तुकडीत डोंगरावर कुणी आगीचं नाव घेत नाही. नाव घेतलं की ती येते, असं आमचे जुने लोक मानत. धूर दिसला की पाहुणे आले म्हणायचं. तुझ्या आधी वीस वर्षं त्या खुर्चीत बसलेला माणूस तुकडीतलाच होता, त्याला सांगावं लागत नव्हतं. तुला तिथे बसून दोनच महिने झाले होते. माझ्या शब्दावर तुला ती नोकरी मिळाली, आणि कामाच्या सगळ्या गोष्टी मीच तुला शिकवल्या. हा एक शब्द राहिला. आपल्याला रोजचा असलेला शब्द दुसऱ्याला ठाऊक नसेल, हे डोक्यातच आलं नाही.

तू उत्तर दिलंस, “कळलं. मामा दमला का? म्हणावं, पोटाकडे बघ जरा.” सगळे हसले. दुर्बीण मला म्हणाला, “भाची बरीच तिखट आहे रे,” आणि त्याने वायरलेस खाली ठेवला. त्याच्या कानावर ‘कळलं’ पडलं होतं, त्याला तेवढं पुरे होतं. तुकडी निघाली, असं धरून त्याने नकाशावर खुणा केल्या. अर्ध्या तासाने, रेघा जाड झाल्यावर, त्याने विचारलं, माणसं कुठवर आली? तू विचारलंस, “कुठली माणसं?”

मग तो साध्या भाषेत बोलला आणि तू क्षणभरही घालवला नाहीस, हे मी चौकशीत सांगितलंय. आम्हा तिघांना त्याने पश्चिमेच्या वाटेने पिटाळलं. तुकडीला दिशा दाखवायला वर कुणीतरी हवं, असं म्हणून तो थांबला. वारा कसा फिरला आणि मनोरा कसा वेढला गेला ते तुला माहीत आहे.

आता जे राहिलं ते. ‘मामा दमला का’ हे मी ऐकलं, चिमणे, आणि त्याच क्षणी मला समजलं की तुला पाहुणे म्हणजे आम्ही वाटलो. दुर्बीणला समजलं नाही, कारण मी तुला फोनवर ‘पाहुणे’ हाच शब्द वापरला होता हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. वायरलेस माझ्या हाताशी होता. एक शब्द बोलायचा होता, आणि तेवीस वर्षं डोंगरावर न उच्चारलेला तो शब्द माझ्या जिभेवर येऊन परत गेला. मी स्वतःची समजूत घातली, दुर्बीण जुना माणूस आहे, त्याला कळलं असेल. आणि चहा प्यालो. देवभीरू म्हणतात मला. त्या सकाळी मी देवाला भ्यालो की नुसताच भ्यालो, याचं उत्तर अकरा दिवस त्याच्यापुढे बसून मिळालेलं नाही. काल हे सगळं चौकशीच्या साहेबांना सहीनिशी लिहून दिलं. तुझ्याकडे एक कागद येईल, त्यात ‘माझ्या दुर्लक्षामुळे’ असं छापलेलं असेल. त्यावर सही करू नकोस. उद्या सकाळी मी दुर्बीणच्या बायकोकडे जाणार आहे. तिच्या आधी तुला कळायला हवं होतं, म्हणून आज लिहिलं. तुझ्या आईला मी अजून काही बोललेलो नाही. वाचून झाल्यावर दार उघड आणि हे तिच्या हातात दे.

तुझाच, तुझ्या रागाला पात्र असलेला,
मामा