उजव्या भिंगाची कड

२ जुलै, न्हावरे
वर्षावास जवळ आला. संकल्प: या तीन महिन्यांत कोणत्याही वस्तूविषयी आसक्ती धरणार नाही.
विहारातील ग्रंथवाचन यंदाही माझ्याकडेच. माझी पत्नी आक्काबाई गेल्यानंतरचे हे पहिले. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु मी सायंकाळी घरी पाठ तयार करीत असता ती माझ्या उजव्या खांद्यामागे बसे, आणि ऐकून ऐकून ग्रंथ तिला मुखोद्गत झाला होता. एखादी ओळ सुटली की मागून आवाज येई, "आवं, मधलं गिळलं तुमी." आता कोणी अडविणार नाही. तयारी अधिक एकाग्रतेने होईल.
चष्मा मात्र बदलणे आवश्यक. अक्षरे मुंग्यांप्रमाणे चालू लागली आहेत.

४ जुलै, शिरूर
महेंद्रने कंपनीतून सुट्टी घेतली. चिरंजीवांचा आग्रह की भिंगांवर कोटिंग हवेच. मी दुकानदारास सांगितले की सत्य पाहावयाचे साधन निरावरण असावे, त्यावर लेप कशाला? तो म्हणाला, "गुरुजी, लेप न्हाई हो. चकाकी घालवायचं असतं ते. अँटीग्लेअर." महेंद्र म्हणाला, "आबा, हितं प्रवचन नगं, मागं लोक थांबल्यात." मी तत्त्वाशी तडजोड न करता होकार दिला.

८ जुलै
चष्मा आला. भिंगांवर हिरवट झाक, मोरपिसासारखी. दिवसभर निरनिराळ्या कोनांतून पाहिली. ही आसक्ती नव्हे, परीक्षण होय.
दुकानदाराच्या सूचना: साध्या पाण्याने धुवावा, मऊ कापडानेच टिपावा, कोरडा घासू नये. सोबत दिलेल्या कापडावर त्याच्या दुकानाची जाहिरात आहे. ग्रंथ वाचण्याच्या साधनास ते शोभत नाही. आक्काबाईच्या पांढऱ्या लुगड्याचा एक तुकडा काढून घेतला. ती वंदनेला जाताना नेसत असे ते. खळ अजून कडक आहे.

९ जुलै
उद्या आषाढ पौर्णिमा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आक्काबाई पितळी बुद्धमूर्ती आणि समया राख-लिंबाने उजळीत असे. ते काम आता मी करतो. मूर्तीचे मुख असे झळकले की मनात आले: ज्या राखेने एवढे तेज येते ती न मिळावी असे भिंगांनी काय पाप केले? दोन बोटांनी हलकेच घासली. उत्तम निघाली.
सूनबाईने पाहिले. राजश्री म्हणाली, "आबा, चष्मा काय तांब्या हाय व्हय?" तिला पदार्थविज्ञान शिकविण्याची ही वेळ नव्हती.

२० जुलै
वाचन सुरळीत. भिंगे दर रविवारी राखेने उजळण्याचा नियम केला आहे. लोक कोटिंग टिकत नाही म्हणून ओरडतात, कारण त्यांच्या जीवनात नियम नाही.

१० ऑगस्ट
हिरवी झाक दिसेनाशी झाली. मुरली असावी.

१२ ऑगस्ट, सायंकाळ
पाठ तयार करीत होतो. उजव्या भिंगाच्या कडेला पांढरे काहीतरी. वळून पाहिले. कोणी नाही. भिंत, तिच्यावर आक्काबाईची तसबीर आणि तिच्या डोक्यावरचा लहान बल्ब.
पुन्हा वाचू लागलो. पुन्हा तेथेच.

१३ ऑगस्ट
माझी भूमिका स्पष्ट आहे. आयुष्यभर या तालुक्यात भूत नाही, आत्मा नाही, मागे काही उरत नाही, हे मी सभांतून सांगितले. केंदूरला एका देवऋष्याची पळता भुई थोडी केली. तेव्हा काल जे दिसले ते दिसले नाही.

१४ ऑगस्ट
दिसले. खांद्यामागे, थोडे वर. पदर डोक्यावरून घेतलेला.

१५ ऑगस्ट
सायंकाळ नको वाटते. तरी चार वाजल्यापासून आसनावर बसून आहे. हे धैर्य होय.

२४ ऑगस्ट
भय संपले. ती काही करीत नाही. केवळ ऐकते. मी मान हलविली की तीही हलते. वळलो की जाते. ती अशीच होती, समोर बोलाविले की चुलीकडे निघून जाई.
याचा अर्थ मी भूत मानतो असा नव्हे. अर्थ काढण्याचे कामच मी तूर्त थांबविले आहे.
राखेचा नियम आता रोजचा. स्वच्छतेसाठी.

३१ ऑगस्ट
विहारात अप्रिय प्रसंग. आक्काबाईची मैत्रीण बानूबाई भर वाचनात म्हणाली, "गुरुजी, राजपुत्र कालच घर सोडून गेला व्हता. आज परत कवा आला?" बायका पदरात हसल्या. कालचेच पान मी पुन्हा वाचले असे तिचे म्हणणे. अक्षरांभोवती धूर दाटतो. तो विहारातील अगरबत्तीचा. कमी लावण्यास सांगितले.

७ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा
अगरबत्ती बंद. धूर कायम.
समितीचे अध्यक्ष खंडू आप्पा घरी आले. फार वेळ पावसावर आणि कांद्यावर बोलले. मग म्हणाले, "गुरुजी, शेवटचा अध्याय तुमीच वाचायचा. पर चष्म्याचं तेवढं बघा. न्हाईतर मग संघर्षला तयारी करू द्या." संघर्ष म्हणजे त्यांचा पुतण्या, शिरूरच्या बँकेत आहे. आवाज चांगला. पाली उच्चार दिव्य. समारोपाचा अध्याय गेली अनेक वर्षे मी वाचतो आणि तो वाचताना आक्काबाईचे डोळे भरून येत. तो मी कोणास देणार नाही. याला आसक्ती म्हणणाऱ्याने आसक्तीची व्याख्या पुन्हा वाचावी.

१५ सप्टेंबर
आज घरी मुद्दाम एक ओळ गाळून वाचली. थांबलो. वाट पाहिली.
ती काही बोलली नाही.

२० सप्टेंबर, दौंड
एसटीने लेकीकडे. करुणाने पाठवणीची साडी घेताना जसे दुकान उलथेपालथे केले होते तसेच आज चष्म्याचे केले. माझा चष्मा तिने स्वतःच्या डोळ्यांवर चढविला आणि ओरडली, "आबा, ह्यात मागचं दिसतंय की! माझ्या मागं दुकानाचा दिवा हाय, तो हितं कडंला आलाय बघा!" दुकानदाराने भिंगे उजेडात धरली. कोटिंग कशाने तरी घासून साफ गेले आहे म्हणाला. ते गेले की भिंगाची आतली बाजू आरशासारखी होते, पाठीमागचा उजेड, पाठीमागच्या वस्तू कडेला उमटतात. करुणाने विचारले, "कशानं घासला?" मी म्हणालो, धूळ फार आहे न्हावऱ्याला.
आरशासंबंधीची ती माहिती सर्वसाधारण ग्राहकांस उपयुक्त आहे.
नवी भिंगे सांगितली. अधिक चांगले कोटिंग. करुणाने माझ्याकडून शपथेसारखे वदवून घेतले: पाणी, मऊ कापड, डबी. राख नाही. राखेचे तिला राजश्रीने फोनवर सांगितले असावे. घरात हेर आहेत.

२७ सप्टेंबर
नवा चष्मा. विहारात एकही अडखळ नाही. खंडू आप्पांनी मान डोलाविली. बानूबाई बाहेर पडताना म्हणाली, "आज एक वळ सुटली न्हाई. आक्का असती तर तिला कामच उरलं नसतं."
घरी येऊन पाठ घेतला. उजवी कड स्वच्छ.
फारच स्वच्छ.

२९ सप्टेंबर
आसन थोडे डावीकडे सरकविले. मग उजवीकडे. बसण्याच्या सोयीसाठी. मान तिरपी करून वाचले. ताठ करून वाचले. राजश्रीने विचारले, "मान आखडली का आबा?" होय म्हणालो. तिने तेल चोळून दिले.
जुना चष्मा करुणाने दौंडलाच ठेवून घेतला आहे.

३ ऑक्टोबर
सगळे अनित्य आहे. हे मला ज्ञात आहे. मीच लोकांना सांगतो. आज मात्र तेच वाक्य मी दोनदा म्हणालो. लोकांना ते वाचनकौशल्य वाटले.
अक्षर न् अक्षर दिसते. खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही, हेही दिसते.

५ ऑक्टोबर
उद्या आश्विन पौर्णिमा, समारोप. मूर्ती आणि समया घेऊन बसलो. राख, लिंबू. हात चालत होता. चष्मा जवळच होता. विचार केला, संपूर्ण भिंग नको. केवळ उजवे. त्यातही केवळ कड. करुणाला दिलेला शब्द संपूर्ण चष्म्याविषयी होता.
कोटिंग खरोखर चांगले आहे. लवकर जाईना. लुगड्याच्या तुकड्याने जोर लावावा लागला. मग कड कोठे संपते हे राखेखाली कळेना, आणि डाव्या भिंगाशी समतोल राखणेही प्राप्त होते. राजश्रीने आतून उद्याच्या खीरदानाविषयी काहीतरी विचारले, आक्काबाईच्या नावाने आहे ते. घासण्याच्या नादात होतो. "हो, हो" म्हणालो.
धुऊन पाहिले. धूर परतला आहे. पाठ तयार होऊ शकला नाही, दिवे गेले.

६ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा
सकाळीच खंडू आप्पांकडे निरोप दिला: समारोपाचा अध्याय संघर्षने वाचावा. तरुणांस संधी देणे हे ज्येष्ठांचे कर्तव्य. त्यागाचे समाधान काही वेगळेच. महेंद्र म्हणाला, "आबा, वर्षभर ह्याच दिसाची वाट बघता, आन् आज घरी?" प्रकृतीचे कारण दिले. सर्वजण पांढरे नेसून विहारात गेले. घर रिकामे. पाहिजे होते तसे.

सायंकाळ
आसन मांडले. ग्रंथाची दुसरी प्रत उघडली. अक्षरे दिसत नाहीत, परंतु शेवटचा अध्याय मला पाठ आहे. विहाराच्या लाऊडस्पीकरवरून संघर्षचा आवाज येत होता. मीही त्याच्याबरोबर म्हणू लागलो, तिच्यासाठी.
उजवी कड उजळली. उजेड आला. ती नाही.
मान हलविली. उजेड हलला. ती नाही. एक ओळ गाळली. थांबलो. दुसरी गाळली.
अखेर मागे वळलो. भिंतीवर बल्ब जळत होता. त्याच्याखाली खिळा, आणि तसबिरीच्या आकाराची न मळलेली चौकट.
राजश्रीने काल तेच विचारले असणार: आत्याबाईंचा फोटो खिरीपाशी ठेवायला विहारात नेऊ का?
संघर्ष शेवटच्या पानावर आला आहे. बरा वाचतो. उच्चार एके ठिकाणी घसरला. सगळे गाव ऐकत आहे. आक्काबाईसुद्धा.