मामाची डावी बाजू

३ जून

चि. खटपट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र रागाने लिहितेय, गोड मानून घे. तुझा भाचा, आमचा ठोंब्या, पोलीस प्रशिक्षणाला लागला. रविवारी घरी येतो, पण इस्त्री मोडेल म्हणून खाली बसत नाही! आणि इकडे सख्ख्या मामाने पोलिसांवरच दावा ठोकलाय. वरिष्ठांना कळलं तर पोराचं कसं व्हायचं? तुझे हाल मी विसरले नाही रे. पण आता झालं गेलं सोड, दावा मागे घे. हात जोडते.
माझा राग विसर, माया तेवढी ठेव.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. दुरुस्त केलेली गाडी रस्त्यावर फिरवून बघणं हा माझा रोजचा धंदा. त्या दिवशी पोलिसांनी मला गाडीचोर ठरवलं. गिऱ्हाइकाला एक फोन करा म्हणून विनवत होतो, तर चौकीत नेऊन कानशिलात अशी ठेवून दिली की डावा कान कायमचा गेला. मी इंजिनाचं दुखणं कानाने ओळखणारा माणूस! आता उजवा कान लावायला गाडीला वळसा घालतो, तेव्हा गॅरेजातली पोरं हसतात. मीही हसतो, काय करणार? आणि हे कोर्टात सांगतात, आम्ही हातच लावला नाही. तिथे माझं डोकं फिरतं, ताई. चूक झाली, एवढं मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.
सतरा तारखेला माझी साक्ष आहे. ठोंब्याची नोकरी जाणार असेल, तर दावा मागे घेतो. त्यालाच विचार.
तुझ्या बोलण्यांनाही आसुसलेला,
खटपट्या

१४ जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद. विचारलं, तर ठोंब्या माझ्यावरच उखडला. म्हणाला, मामा गप्प बसला तर उद्या माझा हात सुटेल तेव्हा मला कोण अडवणार? मेलं, मी त्याची आई, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही! पठ्ठ्याने वरिष्ठांना आपणहून सगळं सांगून रजा मागितली. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला म्हणे, मग सही केली. मी रडले, आणि मग त्याला पोटभर जेवायला घातलं.
सतरा तारखेला आम्ही दोघं येतोय. साक्ष देऊन आलास की बाकावर आमच्यात बस. डावीकडची जागा ठोंब्याने मागून घेतलीय. तिकडून कोण काय बोललं ते तो तुला सांगेल. आणि त्या बाजूने आता तुझ्यावर कोणी हात उचलणार नाही.
तुझ्यासोबतच असलेली,
ताई