वाफेच्या कपाटातली दिंडं

प्रिय वहिनी,

आज भावाचा उपवास. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, त्यामुळे असेल, पण दुपार पाण्याखाली असल्यासारखी हलते आहे. ओट्यावरच्या यंत्राची काच वाफेने पांढरी झाली आणि मला वाटलं, पलीकडे तू उभी आहेस, पदर खोचून. मी काच पुसली. ओल आतून होती, पुसली गेलीच नाही. मग कागद घेऊन बसले. उद्या नागपंचमी, आणि त्याआधी तुझ्याशी बोलायलाच हवं.

हे यंत्र तू पाहिलेलं नाहीस. स्टीम ओव्हन. माझ्या तन्वीने पुण्याहून पाठवला. तू त्याला वाफेचं कपाट म्हणाली असतीस, कारण ते दिसतं तसंच. आत जाळीचे ट्रे, बाजूला पाण्याची टाकी. पाणी भरायचं, दार लावायचं, बटण दाबायचं. पाणी संपलं की तेच वाजून सांगतं. "आई, तू खुशाल झोप काढ," तन्वी म्हणते.

दिंडं शिजताना झोप कशी काढू, वहिनी?

तू दादाची बायको होऊन वडीगोद्रीला आलीस तेव्हा मी परकरातली पोर, आणि घरात आई नव्हती. पहिल्याच पंचमीला तू मला चुलीपाशी बसवून सगळे नियम सांगितलेस. आज तवा ठेवायचा नाही, विळीला हात लावायचा नाही, जमीन उकरायची नाही; नागोबाला लागतं. म्हणून आज सगळं वाफेवर. कणकेच्या पोळीत पुरण ठेवून तू तिची चौकोनी घडी घालायचीस. पितळी पातेल्यात पाणी, त्यावर तुराट्यांची जाळी, जाळीवर ओलं फडकं, फडक्यावर दिंडं. आणि पाण्यात एक जुनं नाणं. पाणी उकळलं की ते तळाशी खडखडायला लागायचं.

"नाणं वाजतंय तवर बस माझ्यापाशी," तू म्हणायचीस. "थांबलं की उठायचं. पाणी आटलं समजायचं."

लग्न होऊन मी जालन्याला आले, तरी दर पंचमीला माहेरी येत राहिले. दिंडांसाठी, की त्या खडखडाटाइतक्या वेळासाठी? पहिल्या वर्षी सासरचं मी एक अक्षर सांगितलं नव्हतं, तरी तू पातेल्यात आणखी तांब्याभर पाणी ओतलंस. "वाजू दे अजून जरा," एवढंच म्हणालीस. मग मी सांगितलं. सगळं.

गेल्या वर्षी तू गेल्याचं दुःख ताजं होतं, सण केलाच नाही. यंदा श्रावण लागला तशी मी बोलावण्याची वाट पाहत होते. आणि दादाचा फोन आला.

"यंदा येऊ नको, वैशे."

"का रे?"

"येऊन काय करती? माझं काय, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या, दुकानातच चहा न् टोस खायचा, तिथंच पडायचं. घरात कोन हाय? तुला काय चहा-टोसाचं माहेर लागतंय व्हय?"

"मग तू जालन्याला ये."

"पंचमीला भाऊ बहिणीच्या दारात जातोय का कधी? उलटंच तुझं."

मी फोन ठेवला. तू गेल्यापासून त्याने स्वयंपाकघराची कडी काढलेली नाही, हे मला ठाऊक होतं. पण माहेराला कडी लागताना अशी ऐकू येईल, असं वाटलं नव्हतं. तुझ्यावर माझा एक राग आहे, वहिनी. इतक्या वर्षांत त्या माणसाला साधा भात लावायला तू शिकवला नाहीस. त्याला भूक लागण्याआधीच ताट वाढलंस. आता काय करायचं त्याने?

मग मी शिकायला घेतलं. दिंडं करून त्याला नेऊन द्यायची, एवढंच मनात होतं. पहिल्यांदा मी सपाट ट्रे घेतला. त्यात पाणी साचलं आणि दिंडांचे तळ लगदा झाले. शेजारच्या नसीमभाभींनी एक चाखलं, जरा वेळ डोळे मिटले.

"वैशालीभाभी, ये दिंड नहीं, हलवा हुआ. पर मीठा बराबर है."

मग जाळीचा ट्रे घेतला, खाली तुझ्यासारखं ओलं फडकं घातलं. आकार धरला. तरी काहीतरी कमी होतं. काय, ते मला कळलं तेव्हा माझंच मला हसू आलं. मी एका वाटीत पाणी घेतलं, त्यात नाणं टाकलं आणि वाटी आत दिंडांशेजारी ठेवली. स्टूल ओढून समोर बसले. वाट पाहिली. वाटीतलं पाणी तापलं, पण उकळलं नाही. नाणं तळाशी गप्प पडून राहिलं. काचेमागे नुसती वाफ, श्रावणातल्या सकाळी शेतावर असते तशी, आणि तिच्यात दिंडं पुसट पुसट. गल्लीतून रिक्षा जात होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. यंत्र वाजलं तेव्हा लक्षात आलं, मी मोठ्याने बोलत होते. तन्वीचं लग्न, गुडघा, गच्चीवरची जाई. तुला सगळं सांगून झालं होतं.

त्या दिवशीची दिंडं चांगली झाली.

आज दुपारी मीच दादाला फोन केला.

"उद्या येते मी. माझी चूल घेऊन येते."

"चूल? गाडीवर बांधून आणती का काय?"

"विजेची आहे. वाफेवर शिजतं सगळं. पंचमीला चालेल असं."

मागे दुकानात कुठली तरी मोटार गुरगुरत होती. आता नाही म्हणणार, असं वाटलं.

"किती वॅटचं हाय?" तो म्हणाला.

मी यंत्र फिरवून मागचं वाचलं. दोन हजार.

"मंग साध्या पॉइंटवर न्हाई चालायचं. वायर जळंल. तिच्या ओट्यापाशी मोठा पॉइंट काढावा लागंल."

"उद्या आल्यावर बघू ना."

"उद्या कसं? उद्या भिंतीला छिन्नी लावायची न्हाई, पंचमी हाय. आजच करतो. ठेव."

ठेव म्हणाला खरा, पण स्वतः फोन बंद करायचा विसरला. त्याने दुकानातल्या पोऱ्याला, "घराकडं चाललो" म्हणून सांगितलेलं मला ऐकू आलं. वहिनी, भर दुपारी, गिऱ्हाईक सोडून.

आता संध्याकाळ होत आली आहे. तो ओट्यापाशी उकिडवा बसून भिंत फोडत असेल, तुझ्या डब्यांवर धूळ उडत असेल. ओरडू नकोस त्याला. सकाळी मी येऊन सगळे डबे पुसते.

वचन देते, तुझ्या हातची चव आणायचा हट्ट करणार नाही. माझ्या हातून जशी होतील तशीच दिंडं करीन, तूप जरा सैल हाताने वाढीन, आणि दादाचं जेवण होईपर्यंत त्याच्यासमोरून उठणार नाही.

तुझी,
वैशू